‘आढळणे’ आणि ‘वाढणे’

“आज इतके रुग्ण वाढले” हे वाक्य २०२० साली वऱ्हाडात नित्य कानी पडे. वस्तुतः घडलेली क्रिया ‘वाढणे’ नव्हे, ‘आढळणे’ ही होय.

त्या मार्चमध्ये चाचणीसाधने तुटपुंजी होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आरंभी परदेशाहून आलेले व बाधितांच्या सहवासातील लोक, तेही लक्षणे असल्यासच, चाचणीस पात्र धरले. तीव्र श्वसनविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्यांचा समावेश २० मार्चला झाला. अमरावती-अकोल्याचे नमुने प्रथम नागपूरला जात. त्यामुळे ‘आज’ हा शब्दही अहवालाचा दिवस दाखवी, आजाराचा नव्हे. पुढे त्याच वर्षी अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व अमरावती विद्यापीठात प्रयोगशाळा निघाल्या. आकडा चढण्यास तेही एक कारण झाले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी आली, तेव्हा मात्र “चाचण्या वाढल्या म्हणून रुग्ण वाढले” हा युक्तिवाद अपुरा होता. शंभर चाचण्यांमागे बाधितांचे प्रमाणही तेथे चढले होते. केवळ शोध विस्तारला असता, तर ते बहुधा उतरले असते. या वेळी दोन्ही क्रियापदे खरी होती. परंतु मथळ्यात चाचण्यांच्या संख्येस क्वचितच जागा मिळे. दुकान बंद ठेवावे लागलेल्या माणसाने त्यांतील कोणते क्रियापद खरे मानावे, हे त्याला उमगत नसे.