अवकाळी पाऊस आणि नाशिक जिल्ह्यातील द्राक्षशेती : एक विवेचन

पारंपरिक शेतकरी पावसाचा हिशेब नक्षत्रांवर करीत आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग, ऑक्टोबरच्या अखेरीस स्वाती, आणि त्यानंतर आकाश मोकळे, हे गृहीत धरूनच नाशिक परिसरातील द्राक्षशेतीचे वेळापत्रक आकारास आले. हे गृहीतक डळमळीत झाल्यास बागायतदाराच्या जीवनात काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यांत पुढील हंगामाच्या घडांची सूक्ष्म निर्मिती होते; त्यासाठी मे महिन्यातील प्रखर ऊन आवश्यक असते. ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतर प्रत्यक्ष घड बाहेर पडतात आणि जानेवारी ते एप्रिल या काळात माल तयार होतो. म्हणजेच पीक येते ते मुख्यतः पावसाविना राहणाऱ्या महिन्यांत. येथे पाऊस हा उपकारकर्ता नसून पाहुणा आहे, आणि तोही नको त्या वेळी येणारा.

नोव्हेंबरमध्ये वेल फुलोऱ्यात असताना पाऊस झाल्यास गळ व कूज होते. ओल्या पानांवर डाउनी मिल्ड्यू झपाट्याने पसरतो. मण्यांत पाणी उतरल्यानंतरचा पाऊस अधिक घातक. मुळ्या व साल यांतून पाणी मण्यात शिरते, आतील दाब वाढतो आणि साल तडकते. तडकलेला मणी निर्यातीस चालत नाही, आणि त्याच्या रसामुळे शेजारचे मणीही सडू लागतात. नोव्हेंबर 2009 मधील फयान चक्रीवादळ, फेब्रुवारी-मार्च 2014 मधील गारपीट आणि नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस निफाड परिसरात झालेली गारपीट ही या अनुभवाची ठळक उदाहरणे होत. मे 2025 चा अनुभव मात्र वेगळ्या जातीचा होता. त्या वर्षी मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला, आणि तत्पूर्वीही राज्यात पावसाने मुक्काम ठोकला होता. वेलीवर तेव्हा एकही मणी नव्हता. तरीही ढगाळ हवेने डोळ्यांतील घडनिर्मितीच्या मुळावरच घाव घातला. डोळ्यांना न दिसणाऱ्या या नुकसानीचा पंचनामा कोणी करावा?

बागायतदार स्वस्थ बसलेला नाही. बागलाण तालुक्यात छाटणी कित्येक आठवडे अगोदर घेऊन डिसेंबरमध्येच माल बाजारात आणण्याची पद्धत रूढ आहे; भाव चांगला मिळतो, परंतु फुलोरा ऐन पावसाळ्यात येतो. काहींनी बागांवर प्लॅस्टिकचे आच्छादन घातले; त्याचा खर्च लहान शेतकऱ्यास पेलणारा नाही. फवारण्या वाढवाव्यात, तर निर्यातीसाठीच्या औषध-अवशेषांच्या मर्यादा आड येतात.

हवामानाधारित फळपीक विम्याची मांडणी मुळात शास्त्रीय आहे. महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्रावर ठरावीक निकष पूर्ण झाला की भरपाई देय होते, पीक कापून पाहण्याची गरज उरत नाही. अडचण अशी, की अवकाळी पावसाची सर कधी एका शिवारात कोसळते आणि शेजारच्या गावी धूळही बसत नाही. केंद्र कोरडे राहिल्यास भिजलेला शेतकरी कागदोपत्री कोरडाच ठरतो. गारपिटीचे संरक्षण ऐच्छिक असून त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो आणि नुकसानीची सूचना 72 तासांत द्यावी लागते. चिखलाने वाहने अडलेल्या, वीज खंडित झालेल्या वस्तीवर हे 72 तास फार वेगाने सरतात, हे वर्गातील द्राक्षपट्ट्यातील विद्यार्थ्यांकडून प्रस्तुत लेखकाने अनेकदा ऐकले आहे. अशा आठवड्यात त्यांची उपस्थितीही घटते. हजेरीपत्रकात मात्र त्याचे कारण नोंदविण्याची सोय नसते.