चार हजार किलोमीटरची शिदोरी

ऑस्ट्रेलियाचा नकाशा फसवा आहे. शाळेच्या ॲटलासमध्ये भारत एका पानावर मावतो आणि ऑस्ट्रेलियाही एकाच पानावर मावतो, त्यामुळे दोन्ही देश साधारण सारखेच असावेत असं आपल्या डोक्यात बसतं. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियाचं क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सव्वादोन पटींहून जास्त. माणसं मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास, आणि तीही बहुतेक समुद्रकाठच्या मोजक्या शहरांत. मधे उरतो तो रस्ता. पर्थपासून सिडनीपर्यंत तो जवळजवळ चार हजार किलोमीटर आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी साधारण एवढंच भरेल. पण त्या वाटेवर दर दहा मिनिटांनी चहाची टपरी लागते.

अलीकडे पुष्कळ मराठी घरांतली मुलं सिडनी, मेलबर्न, पर्थला असतात. आईवडील तीन महिन्यांसाठी जातात, ऑपेरा हाउससमोर फोटो काढतात, नातवंडांना सांभाळतात आणि परत येतात. त्यांतल्या काहींच्या मनात येतं की हा देश गाडीने आडवा पार करावा. आमच्याही मनात आलं. माझा भाचा पर्थला नोकरी करतो. त्याने सुट्टी काढली, भाड्याने मोटरहोम घ्यायचं ठरवलं, आणि शेवटी दबकत विचारलं, “मामू, मुमानींना जमेल का?” माझ्या पत्नीला गेली अठरा वर्षं मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. प्रश्न तिच्या कानावर गेला. ती म्हणाली, “साखर माझी आहे, रस्ता सरकारचा आहे. मी येणार.” मग नियोजन सुरू झालं, आणि ते चार महिने चाललं. प्रवास चौदा दिवसांचा. हे प्रमाण कुणाला उलटं वाटेल, मला आता तसं वाटत नाही.

पहिला प्रश्न ऋतूचा. तिथले ऋतू आपल्या उलट, हे सगळ्यांना माहीत असतं. पण देशाचे दोन भाग दोन तऱ्हांनी वागतात हे लक्षात येत नाही. उत्तरेकडे, म्हणजे डार्विनच्या बाजूला, नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. रस्ते पाण्याखाली जातात, कच्चे मार्ग बंद होतात. तिकडे मे ते सप्टेंबर जावं. दक्षिणेकडून आडवं जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीचा उन्हाळा टाळावा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर चांगले. आम्ही एप्रिलचा दुसरा आठवडा धरला. त्याला आणखी एक कारण होतं, घड्याळाचं, त्याकडे पुढे येतोच.

दुसरा प्रश्न गाडीचा. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढायचं घर. मोटरहोम म्हणजे गाडीच घर. ज्याला ओढायची सवय नाही त्याने कॅरॅव्हॅनच्या नादी लागू नये हे माझं मत. सामान मागच्या टोकाला जड झालं की ती वेगात शेपटीसारखी हलू लागते आणि पुढच्या गाडीलाही घेऊन आडवी होते. म्हणून जड वस्तू चाकांच्या आसावर, खाली ठेवतात. हे तंत्र तिथली निवृत्त मंडळी वर्षानुवर्षांच्या सवयीने जाणतात. त्यांना तिकडे ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात, पिकल्या केसांचे भटके. घर भाड्याने देऊन वर्ष वर्ष रस्त्यावर राहतात. मला त्यांचा हेवा वाटला.

वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, हा मोठा दिलासा. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून न्यावा. भाड्याचा करार मात्र कवितेसारखा वाचावा, म्हणजे दोनदा आणि सावकाश. अनेक करारांत कच्च्या रस्त्यावर जायला मनाई असते, शहराबाहेर रात्री चालवायला मनाई असते, आणि प्राणी आडवा आल्याने झालेलं नुकसान वेगळं धरलेलं असतं. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात गाडी सोडायची तर त्याचे पैसे वेगळे पडतात.

रात्रीची मनाई उगाच नाही. कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्याकडेच्या गवतावर येतात. समोर आला तर सुकाणू वळवू नये. सरळ रेषेत ब्रेक दाबावा, कारण वळवलेली गाडी उलटते आणि मग कांगारू वाचतो, माणसं राहत नाहीत. मेलेल्या जनावरावर बसलेला मोठा गरुड दिसला तर आधीच वेग कमी करावा. पोट भरलेला तो पक्षी पटकन उठू शकत नाही. तीन-तीन डबे जोडलेले ट्रक, ज्यांना ‘रोड ट्रेन’ म्हणतात, काही मार्गांवर ५३ मीटरपर्यंत लांब असतात. त्यांना ओलांडायची घाई कशासाठी? पुढे तरी कुठे गर्दी आहे?

आमचा मार्ग असा होता : पर्थहून कूलगार्डी, तिथून नॉर्समन, मग एअर महामार्गाने पोर्ट ऑगस्टा, पुढे ब्रोकन हिल आणि सिडनी. नॉर्समन ते पोर्ट ऑगस्टा सुमारे १,६६० किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग, जो २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तो ७०१ किलोमीटरचा आहे. असे दोन समृद्धी टोकाला टोक जोडले तरी कमीच. आणि यातल्या पहिल्या बाराशे किलोमीटरमध्ये, म्हणजे नॉर्समन ते सेडुना, इस्पितळ असलेलं गाव नाही. आहेत ती रोडहाउस : पेट्रोलपंप, खाणावळ, चार खोल्या. दोन रोडहाउसमधलं अंतर कधी ६५ किलोमीटर, कधी १९०. भाच्याने नियम केला, टाकी अर्ध्यावर आली की भरायचीच. मधला पंप बंद निघाला तर अडकायला नको.

पाणी ही तिथली खरी किंमत. रोडहाउसमध्ये गोडं पाणी दुर्मीळ असतं, टाक्या भरून मागू नयेत. आम्ही गाडीच्या टाकीशिवाय माणशी रोजचे दहा लिटर असे दोन दिवसांचे कॅन वेगळे बांधले होते. गाडी बंद पडली तर एकच गोष्ट करायची : गाडीजवळ बसून राहायचं. आकाशातून गाडी दिसते, चालत निघालेला माणूस दिसत नाही. त्या मुलखात जीव गेलेल्या अनेकांची गाडी आधी सापडली आहे. मोबाइल रोडहाउसच्या आसपास लागतो, पुढे मुका होतो. म्हणून सॅटेलाइट फोन किंवा संकटसंदेश पाठवणारं छोटं यंत्र भाड्याने घ्यावं. ट्रकवाल्यांचा यूएचएफ रेडिओ चाळीस नंबरच्या चॅनलवर चालतो, कॅरॅव्हॅनवाले अठरावर भेटतात.

रेडिओचा विषय निघाला म्हणून सांगतो. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरी गावातून विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू केली. पण विमान बोलावणार कसं? तारा नाहीत, वीज नाही. आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या तंत्रज्ञाने सायकलसारखी पायडल मारून चालणारा रेडिओ बनवला. शेतावरची बाई पाय मारत मारत डॉक्टरला हाक घालू लागली. पुढे १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला याच रेडिओवर शाळा भरू लागली. आज ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ची विमानं देशभर उडतात, आणि एअर महामार्गावर काही ठिकाणी डांबरावरच पांढरे पट्टे रंगवलेले आहेत. गरज पडली की तिथे वाहतूक थांबवून विमान उतरतं. तो पहिला फलक दिसला तेव्हा पत्नीने वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

आता तिच्या इन्सुलिनबद्दल, कारण आमच्या वयाच्या बहुतेक वाचकांना हेच हवं असेल. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहिलेलं इंग्रजी पत्र घ्यावं. इन्सुलिन विमानात हातातल्या सामानात ठेवावं. खाली माल ठेवतात तिथे ते गोठू शकतं. न उघडलेले पेन दोन ते आठ अंशांत राहायला हवेत. गाडीतल्या छोट्या फ्रिजचा भरवसा धरू नये, त्याची मागची भिंत बर्फाइतकी गार होते आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसंच दिसलं तरी निकामी असतं. आम्ही पेन टॉवेलात गुंडाळून दाराच्या बाजूला ठेवले, सोबत थर्मामीटर. निम्मा साठा वेगळ्या थर्मासमध्ये. आणि भारतीय पाहुण्यांना तिथली सरकारी आरोग्ययोजना लागू होत नाही, म्हणून विमा आधीचा आजार स्पष्ट लिहूनच काढावा. हप्ता वाढतो. वाढू द्यावा.

दुसरी गुंतागुंत घड्याळाची. पर्थ भारताच्या अडीच तास पुढे. पूर्वेकडे जाताना कायगुनाच्या पुढल्या वस्त्यांनी स्वतःचीच वेळ ठरवली आहे, पर्थपेक्षा पाऊण तास पुढे; सरकारी कागदावर ती नाही, पण रोडहाउसचं घड्याळ तीच दाखवतं. सीमा ओलांडली की आणखी पाऊण तास. ब्रोकन हिल आहे न्यू साउथ वेल्समध्ये, चालतं मात्र दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वेळेवर. सिडनीत आणखी अर्धा तास. उन्हाळ्यात पूर्वेकडची राज्यं घड्याळ तासभर पुढे करतात, ते एप्रिलच्या पहिल्या रविवारी संपतं. म्हणून आम्ही दुसरा आठवडा धरला. डॉक्टरांच्या सल्ल्याने पत्नीने एक जुनं मनगटी घड्याळ शेवटपर्यंत पर्थच्या वेळेवर ठेवलं आणि रात्रीची सुई त्याच्यावर घेतली.

खाण्याचं म्हणाल तर भारतातून नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावरच्या फॉर्मवर लिहावा. लोणचं लपवणाऱ्याला तिथे दंड होतो. पण राज्याराज्यांतही जकातनाक्यासारखी तपासणी आहे हे आम्हाला नवीन होतं. फळमाशी पसरू नये म्हणून पूर्वेकडे जाताना सेडुनाला फळं, भाज्या काढून घेतात; उलट दिशेने पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना मधसुद्धा नेता येत नाही. आम्ही कांदे-बटाटे आदल्या मुक्कामी शिजवून संपवले. पर्थहून नेलेला हलाल खिमा, डाळ-तांदूळ आणि अंडी यांवर काम भागलं. मोटरहोमच्या संडासाची पेटी रोज ठरलेल्या जागी रिकामी करावी लागते. या कामावर भाच्याने घरातल्या कवीची नेमणूक केली.

नलारबोर हे त्या पठाराचं नाव मला आदिवासी भाषेतलं वाटायचं. ते लॅटिन आहे : ‘झाड नाही’. महामार्गाचा थोडाच भाग खऱ्या निर्वृक्ष माळावरून जातो, बाकी खुरटी झुडपं सोबतीला असतात. बॅलाडोनिया ते कायगुना यांच्यामधे रस्ता १४६.६ किलोमीटर एकही वळण न घेता जातो. पुण्याहून मुंबईपर्यंत सुकाणू न हलवता जावं तसं. समृद्धीवर अपघात होऊ लागले तेव्हा ‘रस्ता संमोहन’ हा शब्द आपल्याकडे ऐकू येऊ लागला. तो इथे समजतो. डोळे उघडे असतात, मन झोपलेलं असतं. दर दोन तासांनी थांबायचं, चालक बदलायचा, दिवसाला चारशे किलोमीटरच्या वर जायचं नाही, तीन दिवस नुसते विश्रांतीचे. चौदा दिवसांचा हिशोब असा बसला.

या रस्त्याला ज्याचं नाव आहे तो एडवर्ड जॉन एअर १८४१ मध्ये इथून चालत पश्चिमेला गेला. पाणी कुठे मिळेल ते त्याला स्थानिक आदिवासींनी दाखवलं, वाळूच्या टेकड्यांत खणून. शेवटपर्यंत सोबत राहिला तो वायली नावाचा आदिवासी तरुण. त्यानंतर आलेल्यांना पाणी आणायला उंट लागले. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून चोवीस उंट आणले गेले, त्यांच्याबरोबर उंटवालेही. पुढच्या साठ वर्षांत बलुचिस्तान, सिंध, पंजाब, काश्मीर, अफगाणिस्तानातून असे दोन हजारांहून अधिक लोक आले. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं. कूलगार्डीच्या सोन्याच्या खाणींना पाणी आणि धान्य त्यांच्याच उंटांनी पोचवलं, १९०३ मध्ये पर्थजवळून पाचशे तीस किलोमीटरची नळवाहिनी येईपर्यंत. ती आखणारा अभियंता ओकॉनर टीकेने खचला आणि पाणी पोचायच्या आधी, १९०२ मध्ये, त्याने आत्महत्या केली. पर्थहून निघालं की ती नळवाहिनी बराच वेळ रस्त्याशेजारून धावते.

ब्रोकन हिलमध्ये उंटवाल्यांच्या तळाच्या जागी पत्र्याची एक छोटी मशीद उभी आहे. तिथे सापडलेल्या एका जाड पुस्तकाला बरीच वर्षं कुराण समजत होते. इतिहासकार सामिया खातून यांनी ते उघडलं तेव्हा ते बंगाली पद्य निघालं, कलकत्त्याला छापलेल्या पैगंबरांच्या कथा. वाळवंटात कुणीतरी ते मोठ्याने वाचत असणार, कारण असं पद्य मनात वाचायचं नसतंच. आम्ही गेलो त्या दिवशी मशिदीला कुलूप होतं, एक दिवस जास्त राहून पाहिली. ती रोज उघडी नसते. तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी आधी चौकशी करून मगच ब्रोकन हिलच्या मुक्कामाचा वार ठरवावा.