वस्त्रकोश : लेखांक ९ – शिंप्याआधीचा ‘खितोन’

प्राचीन ग्रीकांच्या अंगालगतच्या कपड्याला ‘खितोन’ म्हणत. त्याला मराठीत सदरा, झगा किंवा अंगरखा म्हटले की वाचक थेट शिंप्याच्या दुकानात पोचतो. माप, कात्री, गळा, बाही डोळ्यांसमोर येतात. अभिजात काळातल्या खितोनाला यातले जवळजवळ काहीच लागत नसे. मागावरून उतरलेला आयत अंगाभोवती घ्यायचा, खांद्यांवर टाचण्यांनी अडकवायचा आणि कमरेला पट्टा बांधायचा. लांबी जास्त वाटली तर कापड पट्ट्यावरून वर ओढून घ्यायचे. कपडा पुरा होई तो विणकराच्या हातून. आकार घेई तो अंगावर. माझ्या मते या शब्दाचा अर्थ लावताना कात्री बाजूला ठेवून मागाकडेच पाहायला हवे.

सोलापूरच्या वाचकाला हे पटवून द्यायला लांब जावे लागत नाही. इथल्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या खपलेले इरकली लुगडे उलगडून पाहावे. अंगाचा ताणा वेगळा, लाल रेशमी पदराचा वेगळा. दोन्हींचे धागे फासे घालून एकमेकांत अडकवतात आणि मग विणायला घेतात. ही जोडणी दर लुगड्यागणिक नव्याने करावी लागते, त्यामुळे ते सहावारी होणार की नऊवारी हे ताणा घालतानाच ठरून जाते. थानातून कापून घ्यायचा प्रश्नच उरत नाही. पुढे कासोटा घालायचा की गोल नेसायचे, हे नेसणारीच्या हातात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अनेक खितोनांच्या कडा शिवलेल्या असत. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा खितोन बिनशिवणीचा, वरपासून अखंड विणलेला होता असे मुद्दाम सांगितले आहे. म्हणजे एरवी शिवण असणारच. पण शिवण वेगळी आणि बेतणे वेगळे. लुंगीच्या दोन कडा शिवल्या म्हणून तिचा पायजमा होत नाही. शिवाय येशूला क्रुसावर दिल्याच्या त्याच प्रसंगात सैनिक तो कपडा फाडत नाहीत, त्यावर चिठ्ठ्या टाकतात. फाडला तर विणकराचे सगळे काम वाया गेले असते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे : मग खितोनाला सरळ लुगडे किंवा धोतर का म्हणू नये? कारण ग्रीक भाषेत खितोन ‘घालतात’. वरून घेण्याच्या ‘हिमातिओन’ला मात्र लपेटण्याचे क्रियापद लागते. कापड दोन्हींचे आयताकृतीच, पण एकात माणूस शिरतो आणि दुसरे तो पांघरतो. म्हणून मराठीत ‘खितोन’ शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला खुलासा जोडावा : अंगालगत घालायचा, मागावरच बहुतेक पुरा होणारा कपडा. चार शब्द जास्त खर्ची पडतील, पण कात्री चुकीच्या शतकात जाणार नाही. हिमातिओनचा विचार पुढच्या आठवड्यात.