संगणकाच्या पोटातला पाट

कोकणातल्या माणसाला पाटाचे पाणी काही नवे नाही. डोंगरातल्या झऱ्याला बांध घालावा, पोफळीच्या पन्हळी लावून पाणी आगरात आणावे आणि माडापोफळींच्या आळ्यांतून फिरवावे, हे आमच्या आजोबा-पणजोबांनी जन्मभर केले. पण हेच पाणी एक दिवस माझ्या टेबलावरच्या संगणकाच्या पोटातून फिरेल, आणि तेही माझ्या संमतीने, असे दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता!

मी येथे रत्नागिरीत मराठी शिकवतो. विजेशी माझा संबंध दिवा लावणे आणि दिवा मालवणे एवढाच. तरीही या उद्योगात मी पडलो, याला कारण ओव्या. लांजा, संगमेश्वर, राजापूर या बाजूच्या खेड्यांतून गेली तेरा-चौदा वर्षे मी जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करीत आलो आहे. सुटीत एस.टी.ने जायचे, ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचा आणि म्हातारीचा संकोच गेला की यंत्र सुरू करायचे. असे अडीचशे तासांचे आवाज जमले. गाणाऱ्यांपैकी निम्म्या बायका आज हयात नाहीत. ते सारे आवाज या एकाच संगणकात होते. ‘एकाच’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा; त्याच्याशी पुढे माझी गाठ आहे.

हल्ली आवाज ऐकून मजकूर उतरवून घेणारे प्रोग्रॅम निघाले आहेत. बोलीतल्या शब्दांशी ते पुष्कळदा वैर धरतात, पण कच्चा खर्डा मिळतो आणि हाताने लिहिण्याचे श्रम वाचतात. आमच्या चिरंजिवांनी तसा एक प्रोग्रॅम घरच्या संगणकावर बसवून दिला. चिरंजीव तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. संगणक पुण्याहून जुनाच आणलेला, पण प्रोसेसर दांडगा. प्रोग्रॅम रात्रभर चालू लागला आणि यंत्राचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडू लागला. एप्रिल महिना, खोलीत ३२-३३ अंश. प्रोसेसर ९७ अंशांवर गेला आणि काम मंदावले. हे प्रोसेसर शंभरीच्या आसपास पोचले की जीव वाचवण्यासाठी स्वतःच आपला वेग कमी करतात, हे मला तेव्हा कळले.

“बाबा, याला पाण्याने थंड करू या,” चिरंजीव म्हणाले.

मी विचारले, “किती पैसे?”

“तयार बंद संच मिळतो, पण आपण सुटे भाग जोडून पाण्याचा फेरा स्वतः करू. नऊ हजारांत बसवतो.”

पेपर तपासणीच्या मानधनाचे साधारण तेवढेच पैसे सौ.च्या कपाटात एका पाकिटात होते. ते स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी होते. पाकीट कसे सुटले याचा तपशील मी येथे देत नाही.

आता ही करामत आहे काय, ते सांगतो. आमच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. मधल्या नळात निखारे, भोवती पाणी. निखाऱ्याची धग तांब्यातून पाण्यात जाई. येथे निखाऱ्याच्या जागी प्रोसेसर. त्याच्या डोक्यावर तांब्याचा एक पोकळ ठोकळा घट्ट बसवायचा. ठोकळ्यात आतून बारीक चिरा असतात, त्यांतून पाणी वाहते आणि धग उचलते. तेथून ते नळीने रेडिएटरमध्ये जाते. रेडिएटर म्हणजे पातळ पत्र्यांची जाळी. तिच्यातून पंखे हवा ढकलतात. निवालेले पाणी छोट्या टाकीत, टाकीतून पंपात आणि पंपातून पुन्हा ठोकळ्यात. रहाटगाडग्यासारखा फेरा, फरक एवढाच, की यातले पाणी कधी बाहेर पडायचे नाही.

पाणीच का? एक लीटर पाणी एका अंशाने तापायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत जवळजवळ साडेतीन हजार लीटर हवा एका अंशाने तापते. आमचा प्रोसेसर ऐन जोरात असला की सुमारे १४० वॅट उष्णता टाकतो. पूर्वीचे पिवळे दिवे आठवा. १०० चा एक आणि ४० चा एक, असे दोन दिवे बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत कोंबलेले! तरी मिनिटाला एक लीटर पाणी त्यावरून फिरवले, तर ते पाणी एका फेरीत जेमतेम दोन अंशांनी तापते. हे गणित चिरंजिवांनी वहीच्या पाठीवर करून दाखवले आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या शिक्षणावरचा खर्च सार्थकी लागल्यासारखा वाटला.

ही कल्पना मुळीच नवी नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा देशी संगणक चालू झाला, त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. एवढे दिवे एका दालनात पेटवले की काय होत असेल ते सांगायला नको. त्याच दशकात अमेरिकेत आय.बी.एम.ने आपल्या एका मोठ्या संगणकात पाणी खेळवले होते. १९८५ च्या ‘क्रे-२’ची तर तऱ्हाच न्यारी: त्याची सगळी मंडळे वीज न वाहणाऱ्या एका द्रवात चक्क बुडवून ठेवलेली असत. आपल्या पुण्यात १९८८ साली सी-डॅक निघाली, डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण पुण्याच्याच ‘आयसर’मध्ये सी-डॅकने बसवलेला ‘परम ब्रह्म’ द्रव खेळवून थंड ठेवतात, हे मला या खटपटीतच कळले. म्हणजे पुण्यात जे कोट्यवधींचे, तेच रत्नागिरीत नऊ हजारांचे!

या नऊ हजारांच्या हट्टातच आमचे पहिले पाऊल वाकडे पडले. तांब्याचा ठोकळा चौदाशेला आला. रेडिएटर तांब्याचा २,७०० ला होता आणि अ‍ॅल्युमिनियमचा १,३०० ला. दिसायला दोन्ही सारखे काळे. “स्वस्तातला घे,” हे मी म्हणालो. तो आला, पण त्याला बसवायचा नळीचा सांधा काही केल्या आट्यात बसेना. म्हणून आम्ही दोघे तो घेऊन मिरकरवाड्याच्या बंदरावर एका मिस्त्रींकडे गेलो. मच्छीमार बोटींची इंजिने दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी रेडिएटर हातात घेतला, नखाने रंग खरवडला आणि विचारले, “सर, दुसरा भाग कशाचा?”

“तांब्याचा.”

मिस्त्री आत गेले आणि एक जस्ताची वडी घेऊन आले. वडी कसली, आठ दिवस न्हाणीत झिजलेला साबणच! म्हणाले, “ही बोटीच्या तळाला लावतो. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो. बोटीचं लोखंड वाचावं म्हणून आम्ही ही खायला देतो. तुमच्या डब्यात तांबं हे अ‍ॅल्युमिनम खाणार.”

चिरंजीव ओशाळले. हे त्यांच्या पाठ्यपुस्तकात होते. दोन धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे आपली नेहमीची बॅटरीच. साध्या पाण्यात हे खाणे हळू चालते एवढेच. रेडिएटर परत पाठवला, टपालखर्च अंगावर पडला आणि तांब्याचा मागवला. मिस्त्रींनी त्या दिवशी आम्हांला बोटीचे इंजिनही दाखवले. त्यात गोडे पाणी बंद फेऱ्यात फिरते आणि त्या पाण्याची धग समुद्राचे पाणी घेऊन जाते. बोटीच्या कुशीतून पाण्याची धार पडताना आपण जेटीवरून किती वेळा पाहतो! “ती धार थांबली की इंजिन गेलं,” मिस्त्री म्हणाले. हे ऐकून आम्ही पंपात काटकसर केली नाही. टाकीसह पंप १,९०० ला घेतला आणि त्याची गती सांगणारी तार अशा ठिकाणी जोडली, की पंप फिरत नसेल तर संगणक सुरूच होऊ नये. दोन पंखे नऊशेला, नळ्या आणि सांधे तेराशेला. पाणी मात्र बॅटरीत घालायचे, दीडशे रुपयांत भरपूर. विहिरीचे पाणी चालत नाही. त्यातले क्षार त्या बारीक चिरांत बसतात. रंगीत पाण्याचा मोह चिरंजिवांना झाला होता. तो मी मोडून काढला.

घरातल्या प्रत्येकाने या प्रकरणी आपापली अक्कल पुढे केलीच. मी सुचवले, की टाकीच्या जागी माठ ठेवावा. आई माजघरातून म्हणाली, “रत्नांग्रीत माठाचं पाणी कधी गार झालेलं पाह्यलंस? तुझा मामा नागपुरास होता, तिकडे होतं.” आणि ते शास्त्रशुद्ध होते! माठ गार होतो तो पाणी झिरपून हवेत उडते म्हणून. आमच्या दमट हवेत ते उडणार कुठे? सौ.ने बर्फाची युक्ती काढली. तिलाही चिरंजिवांनी उत्तर दिले: ३२ अंशांच्या आणि पाऊणशे टक्के दमट हवेत २७ अंशांखाली गेलेल्या प्रत्येक वस्तूला घाम फुटतो. सरबताच्या पेल्याला फुटतो तसा तो नळ्यांना फुटून खाली विजेच्या मंडळांवर टपकेल. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाणी काही थंड करीत नाही. ते फक्त हमाल आहे. ओझे उचलून रेडिएटरपर्यंत आणते, आणि शेवटी ते घ्यायचे आमच्या खोलीतल्या हवेनेच. हवा ३२ ची तर पाणी त्याच्या वरच राहणार. मग आम्ही संगणक भिंतीच्या कोनाड्यातून काढून खिडकीजवळ आणला. फुकट झालेला हा एकच बदल चार अंश देऊन गेला!

जोडणीच्या आदल्या दिवशी चिरंजिवांनी विचारले, “बाबा, आवाजांची प्रत घेतलीत ना?”

“घेतली रे,” मी म्हणालो. प्रत मी घेतली होती, पण २०१६ पर्यंतची. पुढे ती डिस्क भरली आणि नवी आणायचे राहून गेले.

फेरा भरल्यावर नुसता पंप चोवीस तास चालवून पाहायचा असतो. संगणकाला वीज द्यायची नाही. आम्ही प्रत्येक सांध्याखाली टीपकागद ठेवले. माझ्या जुन्या टेबलाच्या खणात ते अजून आहेत. संध्याकाळभर डबा पुढेमागे कलंडून बुडबुडे काढले आणि झोपलो. रात्री अडीचला मला जाग आली. बॅटरीच्या उजेडात पाहतो, तर एका टीपकागदावर रुपयाएवढा डाग आणि मदरबोर्डाच्या कडेवर तीन थेंब! शुद्ध पाणी वीज वाहत नाही, असे पुस्तकात असते. पण तांब्यावरून आणि धुळीवरून आलेले पाणी शुद्ध कसले? मी चिरंजिवांना उठवले आणि त्यांनी पंप बंद करण्याच्या आतच सांगून टाकले, “अरे, २०१६ नंतरचं दुसरीकडे कुठेच नाही.”

मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. मुलगा काही बोलला नाही. त्याने थेंब टिपले, चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली, आजीच्या धुवट सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. सकाळपर्यंत मी ती मांडीवर घेऊन बसलो होतो. उजाडल्यावर तो स्कूटरवरून मित्राकडे गेला, जाताना नवी डिस्क विकत घेऊन गेला आणि पाच तासांनी दोन प्रतींसह परत आला. गळतीचे कारणही सापडले. ती नळी मी कापली होती, विळीवर! तोंड तिरके झाले आणि क्लिप एका बाजूला सैल राहिली. पात्याने काटकोनात कापलेली नळी बसवली. संगणक दोन दिवस टेबलपंख्यापुढे वाळवला. पुन्हा चोवीस तास टीपकागद कोरडे राहिले, तेव्हाच वीज दिली.

आता त्याच कामाला प्रोसेसर ७१ अंशांवर राहतो. खर्च ८,३५० रुपये, वर टपाल आणि ती डिस्क. खरे सांगायचे तर दोन हजारांच्या एका चांगल्या, मोठ्या पंख्याने आमचे बरेचसे काम भागले असते. नऊ-दहा महिन्यांनी पाणी बदलण्याची कटकटही मागे लागली नसती. नळ्या आताच थोड्या धुरकट दिसू लागल्या आहेत. ओटा पुढच्या वर्षावर गेला आहे, आणि ही गोष्ट सौ. पाहुण्यांना सांगते.

पण गिरणी थांबली, हे मात्र खरे. परवा रात्री प्रोग्रॅम चालू होता आणि मी राजापूरकडच्या एका म्हातारीच्या ओव्या खर्ड्याशी ताडून पाहत होतो. आई दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ ऐकून तिने विचारले, “ही घरघर तुझ्या यंत्राची की जात्याची?”

मी म्हणालो, “जात्याची.”

ती खुर्ची ओढून बसली.