पहिल्या चिकापासून आजारानंतरच्या जादा घासापर्यंत

नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. चार महिन्यांच्या बाळाला वरचं पाणी किती चमचे द्यायचं? एकही नाही! आईच्या दुधात साधारण ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजायचं, आणि तांब्याभर पाणी प्यायचं ते आईने. सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला दुसरं काही लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध किंवा थेंब तेवढे द्यायचे.

मध नको, चीक हवा

पहिल्या दोन-तीन दिवसांचं पिवळसर, दाट दूध म्हणजे चीक. 'जड पडेल' म्हणून तो पिळून टाकायची रीत काही घरांत अजून आहे, आणि ते ऐकलं की जीव हळहळतो. रोगाशी लढणारी प्रतिपिंडं त्यात ठासून भरलेली असतात. थोडाच येतो म्हणून घाबरू नका, तान्ह्याचं पोटही तेवढंच असतं. जन्मल्यावर पहिल्या तासातच बाळाला छातीशी घ्यायचं.

जिभेवर मधाचं बोट मात्र वर्षभर नाही. मधात कधी कधी 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते सहसा बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात.

'लसूण खाल्ला की दुधाला वास येतो' असं बाळंतिणीला ऐकवतात. वास येतो हे खरं. पण १९९१ साली अमेरिकेत संशोधकांनी स्तनपान देणाऱ्या आयांना लसणाच्या गोळ्या देऊन पाहिलं, तेव्हा बाळं त्या दुधाला जास्त वेळ लुचत राहिली. घरच्या जेवणाची चव बाळाला अशी दुधातूनच कळू लागते.

आईचं दूध पुरेसं येत नसेल तर? मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध निर्जंतुक करून दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना दिलं जातं.

सहा महिन्यांनंतर दुधासोबत वरचं खाणं सुरू होतं. तेव्हाची खीर चमच्यावरून ओघळेल इतकी पातळ नको. पाण्याने पोट भरतं, अंगी काही लागत नाही. आपली नाचणी इथे कामाची: १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम, तांदळाच्या कितीतरी पट. आणि बाळाने नवा पदार्थ थुंकला म्हणून तो सोडू नका. तो आवडायला आठ-दहा वेळा चाखावा लागतो.

बनगावची पिंपं

१९७१. बांगलादेश युद्धातून जीव वाचवून आलेले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावला येऊन थडकले आणि कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तरुण डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली आणि नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं!

यामागचं शास्त्र सुंदर आहे. जुलाबात आतडं नुसतं पाणी नीट शोषत नाही. पण ग्लुकोज आत शिरताना मिठातल्या सोडियमला सोबत घेऊन जातं, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी जातं. हा दरवाजा कॉलऱ्यातही उघडा राहतो. म्हणूनच प्रमाण नेमकं हवं. अशाच मिश्रणाची, म्हणजे ओआरएसची, एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात नको. पुडी नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. दुकानातलं गोड फळपेय हे ओआरएस नव्हे, साखरेच्या माऱ्याने जुलाब वाढतात. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक १४ दिवस, जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरीही.

मूल पिऊच शकत नसेल, गळून निपचित पडलं असेल किंवा झटके आले, तर घरी काही करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

श्वास मोजा

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने अक्षरओळख नसलेल्या दायांना न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं. आकडे तुम्हीही लक्षात ठेवा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर डॉक्टरांकडे न्यायचं. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल तर मोजत न बसता लगेच न्यायचं.

गोवर गेला तरी

गोवर अंगावरून उतरतो, पण शरीराची जुनी आठवण पुसून जातो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांची, आधीच्या रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गोवरानंतर नाहीशी झालेली आढळली. म्हणून नवव्या महिन्याची आणि दीड वर्षाच्या सुमाराची गोवर-रुबेलाची लस चुकवू नका. गोवर झालाच तर 'अ' जीवनसत्त्वाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते मात्र आजार सरल्यावर. ताप उतरला, मूल खेळू लागलं, की घर सुटकेचा श्वास सोडतं. पण गेलेलं वजन भरून काढायचे दिवस तेव्हाच सुरू होतात. भूक परतते तेव्हा रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त द्यायचं, निदान दोन आठवडे. मऊ वरण-भातावर तुपाची धार, अंडं, कुस्करलेलं केळं, शेंगदाण्याचं कूट, जे घरात असेल ते. अंगावर पिणारं असेल तर आणखी वेळा पाजायचं. दोन आठवड्यांनी अंगणवाडीत नेऊन वजन करा, आणि काटा जागचा हलला नसेल तर सेविकाताईंशी त्याच दिवशी बोला.