'आडजात' म्हणून बाजूला टाकू नका : धामणीचे लाकूड

परतवाड्याच्या लाकूड बाजारात जाणाऱ्या आपल्या व्यापारी व सुतार बांधवांची नजर प्रथम सागवानावर पडते. बाकी माल 'आडजात' या एका शब्दात मोडीत निघतो. या आडजातीतच मेळघाटातील धामण येते. नाव ऐकून साप आठवेल, पण हे झाड आहे, आणि आपल्या ओळखीच्या फालशाचे भाऊबंद आहे. सालीपासून दोर निघतो, फळ खाल्ले जाते. पण कारागिराच्या कामाचे आहे ते लाकूड.

धामणीचा खरा गुण लवचिकपणा. लाकूड वाकते, झटका सोसते आणि पुन्हा सरळ होते. युरोपात हाच मान यू नावाच्या झाडाला होता. त्याच्या बाहेरच्या फिकट लाकडाला ताण सोसतो व आतल्या तांबूस लाकडाला दाब, म्हणून एकाच काठीतून उत्तम धनुष्य होई. १४७२ साली इंग्लंडने कायदाच केला की, परदेशी व्यापाऱ्यांनी मालासोबत धनुष्याच्या काठ्याही आणाव्यात. यू आपल्याकडे हिमालयात आहे, वऱ्हाडात नाही. भारतात धनुष्य, कावडीचा दांडा, गाडीचे धुरे यांसाठी धामण वापरली गेली. इंग्रजांच्या काळात बिलियर्डच्या काठ्या व वल्हीही तिचीच होत.

सागवान की धामण?

दारे, खिडक्या, पलंग यांना सागवानच योग्य. त्यात तेल असते, ते फुगत नाही, वाळवी सहसा लागत नाही. सागवान घनफुटाला सुमारे १८-१९ किलो भरते, धामण सुमारे २२ किलो. पण कुऱ्हाड, टिकाव, घण यांच्या दांड्याला टिकाऊपणापेक्षा झटका सोसणे महत्त्वाचे. तेथे सागवान कडकन मोडते आणि धामण टिकते. परदेशात हे काम ॲश व हिकरी ही लाकडे करतात. त्यांना आपल्याकडचा पर्याय म्हणून धामणीचे नाव घेतले जाते.

तिची उणीवही सांगितली पाहिजे. उघड्यावर, पावसात किंवा जमिनीत गाडून ती टिकत नाही. खांबासाठी ती देऊ नये. गिऱ्हाईक एकदा फसले की पुन्हा येत नाही.

दांडा कसा करावा

धागा सरळ असलेला, गाठ नसलेला ओंडका निवडावा. शक्य तर करवतीने न चिरता पाचर मारून फोडावा, म्हणजे धागा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतो. तिरका धागा असलेला दांडा तिरकाच तुटतो आणि मजुराच्या जिवावर बेततो. फोडलेले तुकडे सावलीत, खाली आडव्या पट्ट्या ठेवून रचावेत. दोन्ही टोकांना रंग किंवा मेण लावावे, नाहीतर ती आधी वाळून फाटतात. जाड फळीला इंचामागे साधारण एक वर्ष धरतात. ओला दांडा बसवला तर वाळल्यावर आकसतो आणि कुऱ्हाडीचे पाते निसटते. तयार दांड्याला अळशीचे तेल चोळावे.

कागदपत्रे

मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तेथून रात्री आलेला 'स्वस्त' माल घेणे म्हणजे धंदा व अब्रू दोन्ही गमावणे. वनविभागाच्या लिलावातला किंवा पावतीचा मालच घ्यावा. वाहतूक परवाना व ओंडक्यावरील हातोड्याची खूण तपासावी, पावत्या जपून ठेवाव्यात.

बैलगाड्या कमी झाल्या, धुरे व चाके करणाऱ्या अनेक सुतारांचे काम गेले. पण फावडे, कुदळ, कुऱ्हाड अमरावती-अकोल्यात आजही प्रत्येक शेतात आहे. लोखंडी हत्यार विकणाऱ्या दुकानदाराने शेजारच्या सुताराकडून वाळलेले, हातात बसणारे दांडे घेतले, तर दोन घरांना काम मिळेल. लाकूड आडजात असेल. काम आडजात असू नये.