उन्हात राबणाऱ्या चेहऱ्याची निगा

शेतात, मिठागरात किंवा होडीवर उमर घालविलेल्या कोणाही मध्यमवयीन माणसाने आपल्या दंडाच्या आतील बाजूची त्वचा आणि मनगटावरची त्वचा शेजारीशेजारी ठेवून पाहावी. दोन्हींचे वय एकच असते. तरीही दंडाची त्वचा मऊ व एकसारख्या रंगाची दिसते, तर मनगटावरची काळवंडलेली, जाड व सुरकुतलेली असते. हा फरक वयाने केलेला नसून उन्हाने केलेला आहे. चेहऱ्याची गोष्ट मनगटासारखीच आहे. किंबहुना अधिक बिकट आहे, कारण चेहरा वर्षाचे बाराही महिने उघडा राहतो.

चेहऱ्याची काळजी हा शहरी नटण्यामुरडण्याचा विषय आहे, असा एक समज ग्रामीण भागात आढळतो. तो बरोबर नाही. उन्हाने होणारी हानी सर्वाधिक सोसावी लागते ती उघड्यावर काम करणाऱ्यांना. आगरात मीठ ओढणारे कामगार, रापण ओढणारे मच्छीमार, काजूच्या बागायतीत बोंडू वेचणाऱ्या स्त्रिया, माडावर चढणारे पाडेली, रस्त्याच्या कामावरील मजूर आणि वाहतूक पोलीस हे या दृष्टीने पहिले धनी होत. त्यांच्या चेहऱ्याचे रक्षण हा आरोग्याचा प्रश्न आहे.

ऊन त्वचेत काय करते?

सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे जंबुपार म्हणजेच अतिनील किरण असतात. जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर याने १८०१ साली त्यांचा शोध लावला. त्यांचे तीन प्रकार मानले जातात. त्यांपैकी ‘क’ प्रकारचे किरण वातावरणातील ओझोनच्या थरात अडतात व जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. ‘ब’ प्रकारचे किरण त्वचेच्या वरच्या थरात शिरून ती भाजतात, लाल करतात. जमिनीवर येणाऱ्या जंबुपार किरणांपैकी सुमारे ९५ टक्के किरण ‘अ’ प्रकारचे असतात. ते भाजल्याची जाणीव करून देत नाहीत, मात्र त्वचेत खोलवर उतरतात.

त्वचेच्या आतील थरात कोलॅजन व इलॅस्टिन या द्रव्यांच्या तंतूंचे जाळे असते. त्वचेला भरीवपणा व ताण या जाळ्यामुळेच मिळतो. जंबुपार किरणांमुळे त्वचेतील काही विकरे चेतविली जातात आणि ती हे तंतू तोडू लागतात. किनाऱ्यावर उघडी पडलेली दोरी दोनचार उन्हाळ्यांत विरते व हाताने तुटते, तर घरात टांगलेली तशीच दोरी वर्षानुवर्षे टिकते, हे मच्छीमारांना सांगावयास नको. त्वचेतील तंतूंचेही तसेच होते. सुरकुत्या, सैल पडलेली कातडी व राठपणा ही त्याची दृश्य फळे होत. धूम्रपानामुळे ही झीज आणखी वाढते.

सावळ्या व गव्हाळ त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असते. ती निसर्गाने दिलेली छत्रीच होय. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या तुलनेने आपल्याकडे त्वचेचा कर्करोग पुष्कळ कमी आढळतो आणि सुरकुत्याही उशिरा पडतात. तथापि ही छत्री अभेद्य नाही. आपल्या त्वचेवर उन्हाचा पहिला परिणाम बहुधा रंगावर होतो. गालांवर, कपाळावर व नाकावर काळसर तपकिरी डाग पडतात. त्यांनाच वांग म्हणतात. वांग उठण्यास आनुवंशिकता, गर्भारपण, तसेच काही संप्रेरकयुक्त गोळ्या कारण होतात आणि ऊन तो वाढविते. गर्भारपणात वांग आलेल्या स्त्रीकडे ‘हिला काही तरी बाधले’ अशा नजरेने पाहिले जाते. यात तिचा कोणताही दोष नसतो. वांग संसर्गजन्यही नाही.

दोन बोलकी उदाहरणे

२०१२ साली अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या मालमोटार चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याने २८ वर्षे मालाची गाडी चालविली होती. त्या देशात चालक डाव्या बाजूस बसतो. या गृहस्थाच्या चेहऱ्याची खिडकीकडील डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरली होती आणि उजवी बाजू त्या मानाने तरुण दिसत होती. साधी काच ‘ब’ किरण बहुतांशी अडविते, पण ‘अ’ किरणांपैकी बरेच आत येऊ देते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. तेव्हा बस व ट्रक चालकांनी आपल्या उजव्या गालाकडे लक्ष द्यावे, हे उघड आहे.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. तेथे नांबूर या गावी केलेल्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ५५ वर्षांखालील ज्या व्यक्तींनी सुमारे साडेचार वर्षे दररोज ऊनरोधक मलम लावले, त्यांच्यात त्वचेचे वार्धक्य, मनास येईल तेव्हा मलम लावणाऱ्यांच्या मानाने २४ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे ही हानी टाळता येते, आणि मध्यम वयात सुरुवात केली तरीही लाभ होतो.

सावलीवरून ओळखावे

ऊन किती कडक आहे हे अंगाला लागणाऱ्या उष्णतेवरून ठरविता येत नाही. समुद्रावरून गार वारा वाहत असला की ऊन जाणवत नाही, पण जंबुपार किरण तितकेच असतात. विरळ ढगांतूनही त्यांचा मोठा भाग खाली येतो. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के किरण परावर्तित करतो. त्यामुळे टोपी घातली तरी खालून चेहऱ्यावर मारा होतो. मिठाच्या पांढऱ्या राशींजवळ काम करणाऱ्यांनाही हा अनुभव येतो.

यासाठी एक सोपी खूण आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसू लागली की ऊन प्रखर झाले असे समजावे. गोव्यात घड्याळाचे बारा म्हणजे सूर्याचे मध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून धरली जाते आणि गोवा त्याच्या बराच पश्चिमेस असल्याने येथे सूर्य माथ्यावर येतो तो ऋतुमानाप्रमाणे साधारणतः सव्वाबारा ते पाऊण वाजण्याच्या सुमारास. मे महिन्याच्या प्रारंभी व पुन्हा ऑगस्टच्या पूर्वार्धात तर तो नेमका डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शिक्षकांनी शाळेच्या अंगणात काठी रोवून मुलांना हे दाखवावे. भूगोलाचा पाठ व आरोग्याचा पाठ एकाच काठीने शिकविता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेने जंबुपार किरणांच्या तीव्रतेचा निर्देशांक ठरविला आहे. तो ३ किंवा त्याहून अधिक असता संरक्षण घ्यावे आणि ११ व त्यापुढे तो अतितीव्र मानावा, असा संकेत आहे. आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यातील दुपारी तो ११ च्या पुढे जाणे नित्याचे आहे.

खर्च न करता करावयाचे उपाय

पहिला उपाय वेळेचा. जड काम सकाळी लवकर व संध्याकाळी उरकावे. अकरा ते चार या वेळात शक्य तितके सावलीत राहावे. दुसरा उपाय डोक्यावरील आच्छादनाचा. टोपीचा काठ सर्व बाजूंनी निदान चार बोटे रुंद असावा. केवळ पुढे झडप असलेली टोपी कान व मान उघडी ठेवते. डोक्यावरून घेतलेला पदर किंवा मुंडासे उपयोगी आहे, पण कापड घट्ट विणीचे असावे. प्रकाशापुढे धरल्यास आरपार दिसणारे कापड किरणही आरपार सोडते. भिजलेले पातळ सुती कापड कोरड्यापेक्षा कमी संरक्षण देते, हे घामाने चिंब होणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

सर्वच सूर्यप्रकाश टाळावा असा याचा अर्थ नव्हे. हाडांना आवश्यक असलेले ‘ड’ जीवनसत्त्व त्वचेत सूर्यप्रकाशामुळेच तयार होते. त्यासाठी हातपायांवर थोडा वेळ ऊन घेता येते; चेहरा भाजून घेण्याची आवश्यकता नाही.

ऊनरोधक मलम

ज्यांना परवडते त्यांनी ऊनरोधक मलम अवश्य वापरावे. त्यावर ‘एसपीएफ’ हा अंक छापलेला असतो. तो मुख्यतः ‘ब’ किरणांपासून मिळणारे संरक्षण दर्शवितो. १५ अंकाचे मलम असे सुमारे ९३ टक्के, ३० चे सुमारे ९७ टक्के व ५० चे सुमारे ९८ टक्के किरण अडविते. यावरून ३० च्या पुढील अंकासाठी फार मोठी किंमत मोजण्यात विशेष हशील नाही, हे दिसून येईल. ‘अ’ किरणांपासूनही संरक्षण मिळते असे वेष्टनावर नमूद आहे की नाही, ते मात्र पाहावे. तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीइतके दोन पट्टे चेहरा व मान यांसाठी लागतात. बाहेर पडण्यापूर्वी पंधरावीस मिनिटे ते लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच घाम आल्यावर किंवा पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. सहा महिन्यांखालील अर्भकांना मलमाऐवजी सावली व कपडे हेच संरक्षण द्यावे.

हळद, चंदन किंवा खोबरेल यांनी त्वचेस बरे वाटते, परंतु ऊन अडविण्यासाठी त्यांच्यावर विसंबून राहू नये. चेहऱ्यावर लिंबाचा रस चोळून उन्हात जाणे तर घातक आहे. त्या रसातील द्रव्ये व ऊन यांच्या संयोगाने त्वचा भाजते, फोड येतात व काळे डाग महिनोन् महिने राहतात.

गोरेपणाच्या मलमांपासून सावध

वांग घालविण्यासाठी दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेले मलम हा आज मोठा धोका झाला आहे. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. प्रथम आठवडाभर चेहरा उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे उठतात व नको तेथे लव वाढते. मलम थांबविताच आग होते, म्हणून ते सोडवतही नाही. काही मलमांत पारा आढळला असून तो मूत्रपिंडांना अपाय करतो. असे मलम वापरात असल्यास संकोच न करता ते घेऊनच डॉक्टरांकडे जावे. वांगावर उपचार आहेत. पण उन्हापासून रक्षण केल्यावाचून ते टिकत नाहीत.

ओठावर, नाकावर किंवा कानावर महिनाभर न भरणारी जखम, खालच्या ओठावर सतत निघणारा पापुद्रा, आकार वा रंग बदलणारा तीळ, यांपैकी काहीही दिसल्यास विलंब लावू नये. प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तेथून पुढील तपासणीसाठी बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जाता येते.

शाळा व कार्यालये यांचे कर्तव्य

काही मुलांच्या त्वचेत व केसांत जन्मतःच रंगद्रव्य नसते. त्यांच्यापाशी निसर्गाची ती छत्रीच नाही. अशा मुलास उन्हातील कवायतीतून सूट द्यावी, पूर्ण बाह्यांचा सदरा व टोपी घालण्यास मोकळीक द्यावी आणि वर्गात खिडकीपासून दूर पण फळ्याच्या जवळ बसवावे, कारण त्याची दृष्टीही बहुधा अधू असते. इतर मुलांनी त्याची चेष्टा करू नये, ही शिकवणही शिक्षकांनीच द्यावयाची आहे.

क्रीडास्पर्धा, प्रभातफेऱ्या व ग्रामसभा भर दुपारी ठेवू नयेत. मजुरांच्या कामाच्या जागी छप्पर, पिण्याचे पाणी व दुपारची विश्रांती यांची तरतूद करणे हे देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती आहे. एखादा झावळ्यांचा मांडव उभारण्यास फारसा खर्च येत नाही.

उन्हात कष्ट करणाऱ्यास ऊन चुकविता येत नाही, हे खरे. तथापि त्याची धार बोथट करणे शक्य आहे. घाम गाळून मिळविलेल्या भाकरीसाठी चाळिशीतच साठीचा चेहरा देण्याचे कारण नाही. रुंद काठाची टोपी, झाडाची सावली आणि घटकाभराची विश्रांती ही तीन साधने प्रत्येक गावात उपलब्ध आहेत. ती वापरण्याची सवय तेवढी लागली पाहिजे.